अक्का, तू तुटक बोललीस

अक्का, तुझ्या मागची गणाराधना झाली. जंगमांची पंगत उठली, मंडपवाला कनाती गुंडाळून घेऊन गेला, उसनी आणलेली पातेली ज्याची त्याला पोचली. सारिकाने तुझी पातळं घड्या घालून कपाटात ठेवली. तुझ्या सुनेच्या हाताला वळण आहे, हे तुला कधी बोलून दाखवायचं नव्हतं, पण आहे. चुडाव्याच्या या घरात आता मला करण्यासारखं एकही काम उरलेलं नाही. आणि हातात काम नसलं की मी भांडते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तर भांडायला बसले आहे.

येणारा प्रत्येक जण म्हणतो, "अक्का लय शांत गेल्या." मी मान डोलावते आणि चहाचा कप पुढे करते. शांत नाही गेलीस तू. लपवून गेलीस. धाकट्या बहिणीशी खोटं बोलून गेलीस.

सुरुवात कुठून झाली ते आधी नीट लावून घेते, म्हणजे नंतर तू "असं नव्हतंच" म्हणायला नको.

ज्वारी हुरड्यात आली होती. पहाटे कूस बदलताना तुझी खोली गरगर फिरली आणि तू बाजेचा माचवा धरून ओरडलीस. घरादाराने आपापलं निदान केलं. कुणी पित्त म्हणालं, कुणी नजर लागली म्हणालं. चकरेच्या गोळ्या आल्या, त्यांनी तू दिवसभर पेंगत राहिलीस. मग कुणीतरी मानेच्या मणक्याचा विषय काढला आणि तुझ्या गळ्यात पट्टा बसला. मी परभणीहून गाडीने आले तेव्हा तू तो पट्टा घालून ओसरीत ताठ बसली होतीस. गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी पट्ट्यावर लोंबत होती.

"अक्का, वरात कधी निघणार?" मी विचारलं.

"हस, हस. तुझी मान न्हाई ना फिरायली."

"मान फिरायली का खोली?"

तू विचार केलास. "खोली."

"कधी?"

"कूस बदलली की. वर फळीवरचा डबा काढाया गेले की."

"आणि गप बसल्यावर?"

"गप बसल्यावर काय न्हाई."

ते ऐकून मी तुझी पिशवी भरली आणि तुला परभणीला नेलं. आपण सगळ्यालाच चक्कर म्हणून मोकळे होतो. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती भोवळ वेगळी. चालताना पाय भलतीकडे पडतो तो तोल वेगळा. आणि स्वतः जागेवर असून सगळं घर फिरतं ती गरगर वेगळी. हे मला परभणीच्या कानाच्या डॉक्टरांनी समजावलं आणि मी ते माझ्या दुकानातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं, कारण समजलेली गोष्ट लिहिली नाही तर ती माझ्याजवळ टिकत नाही. त्यांनी तुला फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवलं. त्या सारिकाच्या वयाच्या. तू दारातच म्हणालीस, "ही पोर मला काय बरं करणार?"

त्या पोरीने आधी तुझा पट्टा काढला. मग गवंड्याच्या लेव्हलची उपमा दिली. म्हणाली, नळीतला बुडबुडा बघून गवंड्याला कळतं ना ओटा कलला की नाही? तशा तीन बारीक नळ्या कानात आत असतात, पाण्याने भरलेल्या. शेजारच्या कप्प्यात चुन्यासारखे बारीक कण असतात. वयाने म्हणा, डोक्याला मार लागून म्हणा, कधी कशानेही नाही, ते कण सुटतात आणि नळीत शिरतात. मान वळली की ते घरंगळतात. डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, कान सांगतो आपण फिरतोय, आणि मेंदू दोघांच्या भांडणात सापडतो.

"म्हंजी खडा अडकलाय," तू म्हणालीस.

"तसंच समजा. आपण तो आल्या वाटेने परत घालवायचा."

तिने तुझी मान उजवीकडे वळवून तुला झपकन आडवं केलं. डोकं खाटेच्या कडेबाहेर किंचित खाली. तुझे डोळे फडफडायला लागले आणि तू तिची ओढणी दोन्ही हातांनी धरलीस. "मेले गं बेबे! पडले! धर मला!" मी तुझे पाय धरले होते. ती म्हणाली, थांबा, डोळे उघडे ठेवा, आपोआप थांबेल. थांबलं. मग मान डावीकडे. मग सगळं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे. मग हळूच उठवून बसवलं.

मान उजवीकडे केलीस, डावीकडे केलीस, वर पंख्याकडे पाहिलंस.

"थांबलं की गं."

"थांबलं?"

"गोळी न्हाई, सुई न्हाई. नुसती लोळण?"

त्या दिवसापासून आपल्या दोघींत त्या उपचाराचं नाव लोळण पडलं. परतीच्या गाडीत तू खिडकीशी बसलीस आणि पूर्णा येईपर्यंत मुद्दाम मान वळवून वळवून बाहेर बघत राहिलीस. इतकी खूश मी तुला तुझ्या महेशच्या जन्मानंतर बघितली नव्हती.

त्या पोरीने आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. त्यातली एक तू डोक्यावर घेतलीस आणि दुसरी पायदळी.

पहिली, व्यायामाची. गरगर गेली तरी पाय जरा डुलत होते. त्यासाठी हात लांब करून अंगठा धरायचा, नजर अंगठ्यावर रोवायची आणि मान डावी-उजवी करायची, नजर न हलवता. मग पाय जुळवून उभं राहायचं. मग भिंतीच्या आधाराने चालता चालता मान वळवायची. डोळे, पाय आणि कान यांचा तुटलेला मेळ मेंदू असा पुन्हा जमवतो. मी मोठ्या अक्षरात कागद लिहून तुझ्या देवघराजवळ चिकटवला. आठ दिवसांनी आले तर तू पाटावर बसलेली, डाव्या तळहातावर लिंग, त्याच्यावर भस्म नि बेल, नजर लिंगावर आणि मान सावकाश डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

"अक्का! हे काय?"

"पूजा बी आन् व्यायाम बी."

"पूजा वेगळी, व्यायाम वेगळा."

"एका कामात दोन कामं करावी, असं जगाला कोण सांगत फिरतं?"

मीच सांगत फिरते. पण मला कुणी शिकवलं? आई गेली तेव्हा मला वेणीसुद्धा घालता येत नव्हती. चुलीपुढे बसवून तू माझ्या बोटांवर दिवसाची कामं मोजून घ्यायचीस. पाणी, झाडलोट, पूजा, शाळा. एकेक झालं की एकेक बोट मिटायचं. माझ्या सगळ्या याद्या तिथून सुरू होतात. फिजिओच्या पोरीला मी फोनवर तुझी तक्रार केली तर ती म्हणाली, नजर हलत नाही ना, मग अंगठा काय नि लिंग काय. त्या दिवशी तू जिंकलीस. मला वाईट वाटलं नाही, हे तेव्हा सांगायचं राहिलं.

दुसरी गोष्ट धोक्याची होती. प्रत्येक गरगर कानातल्या खड्याची नसते. कानाच्या नसेला सूज येते, कानात दाब वाढून ऐकू कमी येतं, रक्त कमी असतं, बीपी वर-खाली होतं. आणि गरगरण्याबरोबर एकाचे दोन दिसले, जीभ जड झाली, एका बाजूचा हात-पाय सुन्न झाला किंवा धड उभंच राहता आलं नाही, तर तो मेंदूचा मामला. तिथे लोळण नाही, मोठा दवाखाना, आणि तोही लगेच. ती पोर हे बोलताना तुझ्याकडे बघत होती. तू पंख्याकडे बघत होतीस.

म्हणून मी तीन प्रश्न ठरवले. तुझा गरगरल्याचा फोन आला की आधी तेच. खोली फिरते का? एकाचे दोन दिसतात का? जीभ जड होते का? पहिल्याला हो आणि बाकीच्यांना नाही, तरच लोळण.

तू मात्र सगळ्यांनाच लोळण देत सुटलीस.

शेजारणीपासून सुरू झालं. तिची गरगर थांबली, तिने वाडीत सांगितलं. मग सोमवारी पूजा आटोपली की ओसरीत बायका बसायला लागल्या. चक्करवाल्या अक्का! तू बाजेवर जुनी गोधडी घालायचीस, पदर खोचायचीस आणि त्या पोरीच्याच थाटात म्हणायचीस, "डोळे उघडे ठीव बाई, आपोआप थांबतंय." कितीतरी जणींचं थांबलं, हे खरं आहे. आयुष्यभर तुला सगळ्यांनी महेशची आई, अमक्याची बायको म्हणून ओळखलं. आता बायका तुझं नाव विचारत यायच्या. तुझ्या चेहऱ्यावर ते दिसायचं. मला दिसत नव्हतं असं समजू नकोस.

पण पेडगावला दिलेली ती गावची लेक आठव. बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ मांडीवर, ओठ पांढरेफटक. तिला भोवळ यायची, उठलं की अंधारी. मी त्या दिवशी तुझ्याकडेच होते, आत पोहे करत होते. तू तिला काही न विचारता लोळण दिलीस आणि उठवून उभं केलंस. ती सरळ ओट्यावरून खाली पडली. बाळ त्या वेळी तिच्या आईकडे होतं म्हणून वाचलं. मी सगळ्या बायकांसमोर तुला बोलले. "तू डॉक्टर आहेस का? हिच्या अंगात रक्त नाही, हिला मान वळवून काय देतेस?"

बायका गेल्यावर तू डबी हातात धरलीस. "लिंगाची आण. आजपासून बंद."

मी विश्वास ठेवला, अक्का. आपल्या घरात ती आण कुणी खोटी घेत नाही. मी तर सुटल्यासारखी होऊन परभणीला गेले आणि मनातल्या यादीतून ते काम खोडून टाकलं.

त्यानंतर तू फोनवर मोजकंच बोलायला लागलीस. जेवलीस का? हं. बीपीची गोळी घेतलीस? हं. दुखतंय काही? न्हाई. मला वाटलं, रुसलीस. रुसलीस की तू असंच करतेस, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून. मी ठरवलं, रुसू दे, सणाला येईन तेव्हा काढेन समजूत.

आणि मग तो सकाळचा फोन. मी दुकानाचं शटर वर करत होते.

"फिरायलंय," तू म्हणालीस.

"खोली?"

"हं."

"एकाचे दोन दिसायलेत का?"

"न्हाई."

"जीभ जड झाल्यासारखी वाटते का?"

तू थांबलीस. मला ते थांबणं ऐकू आलं. रस्त्यावरून टमटम गेली, मी दुसऱ्या कानात बोट घातलं.

"न्हाई."

"मग लोळण घे. सारिकाला जवळ उभी कर. आणि अक्का, आता रुसवा पुरे. नीट बोल की."

तू फोन ठेवलास. मी नाही ठेवला, तू ठेवलास.

दुपारी महेशचा फोन आला तेव्हा तुला नांदेडला नेत होते. मी पोचेपर्यंत डॉक्टर बाहेर येऊन उभे होते. बीपी फार चढलेलं, मेंदूत रक्त उतरलेलं. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं: लोळण घे, हे मी सांगितलं. मीच. महेशच्या हातातून दवाखान्याचे कागद घेतले आणि क्रमाने लावत बसले.

तुला शेतात नेलं. बसवून नेलं, आपल्या लिंगायतांत नेतात तसं. खड्ड्यात आसनावर बसवलं, हनुवटीला कापडाचा आधार, कपाळभर भस्म, डाव्या तळहातावर लिंग. महाराजांनी मंत्र म्हटले. मी तुझ्या मानेकडे बघत होते. किती सरळ होती. नजर तळहाताच्या रेषेत. तू रोज सकाळी बसायचीस तशीच बसली होतीस, फक्त मान फिरत नव्हती. त्या क्षणी मला तुझा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी शेजारी उभी असलेली बाई हुंदका देत म्हणाली, "मागच्याच सोमवारी माझी मान फिरवली हो अक्कांनी. आता आमी कुणाकडं जावं?"

मागच्याच सोमवारी.

मी बेल टाकला. मूठभर माती टाकली. घरी आले आणि सारिकाला मागच्या अंगणात नेलं.

"सोमवार बंद नव्हते?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "तुमी गेल्यावर दोन आठवडे बंद होते. मग बाया मागल्या दारानं यायल्या."

"आणखी काय लपवलंस?"

"मावशी, मी न्हाई..."

"सारिका."

मग तिने सांगितलं, एका दमात. "बीपीच्या गोळ्या सोडल्या होत्या त्यांनी. म्हणायच्या, लोळणीनं थांबतंय तर गोळ्या कशाला गिळू. आन् आधीच्या आठवड्यात भाकरी थापता थापता म्हणाल्या, सारिका, तवे दोन दिसायलेत. मला वाटलं चेष्टा करायल्यात. मग पाणी मागाया गेल्या तर शब्द निघंना. थोड्या वेळानं आपोआप गेलं. मी म्हणाले, मावशीला फोन लावते. तर माझा हात धरला. म्हणाल्या, बेबीला कळलं की ती पहिल्या गाडीनं येईल, मला उचलून न्हेईल आन् दारातल्या बायांना कुलूप लावील. ज्या बाईला स्वतःचीच चक्कर थांबवता येईना तिच्याकडं कोण येईल, म्हणाल्या."

"आणि त्या सकाळी?"

सारिका रडायला लागली. "मी जवळच उभी होते. तोंड एका बाजूला ओढल्यागत झाल्तं. पुरा शब्द निघत नव्हता, मावशी. म्हणून त्या नुसतं हं नि न्हाई म्हणायल्या."

अक्का, मी तुला उभं आयुष्य ओळखते असं मला वाटायचं. त्या ओळखीच्याच आड तू लपलीस. रुसल्यावर तू तुटक बोलतेस हे मला माहीत, हे तुला माहीत. जड झालेली जीभ तू रुसव्याच्या पदराखाली झाकलीस. तिसऱ्या प्रश्नाला "न्हाई" म्हणायला तुला किती जोर लावावा लागला असेल! तेवढ्या जोरात "हो" नाही निघालं? आणि त्या खोट्या शब्दावर मला लोळण सांगायला लावलीस. सोमवार चालूच होते, हे घरात महेशला ठाऊक, सारिकाला ठाऊक, मागल्या दारानं येणाऱ्या बायकांना ठाऊक. अंधारात एकटी मी. जिला तू बोटं मिटून कामं मोजायला शिकवलंस, तीच.

मी त्या पोरीला, फिजिओच्या बाईंना, फोन केला. सगळं सांगितलं आणि विचारलं, "माझ्या लोळणीने गेली का ती?" ती म्हणाली, "लोळणीने नाही, मावशी. वेळ गेला. तवे दोन दिसले त्याच दिवशी यायला हवं होतं." मी बरं म्हणून फोन ठेवला. सुटका झाली असं वाटायला हवं होतं. झाली नाही. तुझ्या वाटचा वेळ तू माझ्यापासून चोरलास, हेच फक्त पक्कं झालं.

तरीही सगळा राग एका जागी टिकत नाही, ही माझी अडचण. काल तुझ्या बाजेवरची गोधडी धुवायला घेतली. तिला तुझ्या त्या सगळ्या बायकांच्या केसांच्या तेलाचा वास होता. धुवायला टाकली नाही. तशीच घडी घातली.

आणि आज सोमवार.

सकाळी मी ओसरी झाडत होते. एक बाई आली, लांबून आलेली, हातात पिशवी, भिंत धरून. तुझ्या घरचं तिला काही माहीत नव्हतं.

"चक्करवाल्या अक्का हितंच राहतात ना?"

माझ्या तोंडावर आलं होतं, नाही राहत, निघा. पण तिला उभं राहवत नव्हतं. मी तिला बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, अक्का गेल्या. ती "अगं बया" म्हणून रडायला लागली, तुझ्यासाठी का स्वतःसाठी, कळेना. रडं ओसरल्यावर मी विचारलं, "खोली फिरते का?"

"हं."

"एकाचे दोन दिसतात?"

"न्हाई."

"जीभ जड होते?"

"न्हाई."

मी झाडू खाली ठेवला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. "बाई, नुसतं हं-न्हाई नको. माझ्याकडे बघून पुरं बोला. कधी झालं, काय करताना झालं, सगळं."

ती बोलायला लागली. वैरण काढताना वर बघितलं तर गोठा फिरला, म्हैस बी फिरली, नवरा म्हणाला सोंग करायलीस, त्याला म्हणलं तूच वर बघ एकदा म्हंजी कळंल, सासूनं लिंबू उतरवला, तो बी वाया गेला. तोंड सरळ, जीभ सुरीसारखी, एक अक्षर कुठे अडखळलं नाही. तरी मी तिला लोळण दिली नाही. सारिकाला चहा टाकायला सांगितलं आणि तिला म्हणाले, आवरा, दुपारच्या गाडीने मीच तुम्हाला परभणीला नेते.

"गाडीला येळ हाय न्हवं?" तिने विचारलं. "मग म्हशीचं राहिलंच की सांगायचं."

वेळ होता. मी तिचं सगळं ऐकून घेतलं, अक्का, म्हशीसकट. तुझंही घेतलं असतं.